चार मण्यांचा दोरा

अख्ख्या नांदेडात माझ्याइतकं चकचकीत भांडं कोनी घासत न्हाई, हे मी छाती ठोकून सांगतो. ह्याच हातानं मी एका पोरीची तीन महिन्यांची मेहनत नळाखाली धरली आन् खळखळून धुतली, तेबी शिट्टी वाजवत.

हे मी बोलून राहिलो आन् माझी सून लिहून घेऊन राहिली. मला अक्षर येत न्हाई. सही येते, पण दर वेळी येगळी येते, म्हून बँकवाले अंगठाच घेतात.

आमचं घरानं कल्हईवाल्याचं. खांद्यावर भाता, पिशवीत नवसागर आन् कथलाची कांडी, आन् एस्टी पकडून कधी मुखेडचा बाजार, कधी धर्माबाद. जिथं पितळेचं भांडं तिथं आम्ही. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा, त्यावर कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवलं की काळं पातेलं आतून चांदीवानी व्हायचं. अब्बानं मला एकच गोष्ट शिकवली. "भांड्यात तोंड दिसलं पायजे. न्हाई दिसलं तर तुझ्या तोंडात मारीन." लई येळा न्हाई दिसलं.

मग घरोघर स्टील आलं. स्टीलला कल्हई लागत न्हाई. मी बेकार झालो ते फिरत फिरत एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधी येऊन पडलो, काचा धुवायला, कंत्राटावर. तिथल्या मोठ्या सरांनी विचारलं, "अनुभव?" मी म्हनलं, "सात पिढ्यांचा." त्येंनी घेतलं. दुसरं कोनी आलंच नसंल.

लॅबमधी जिथं बघावं तिथं चिठ्ठी. बाटलीवर चिठ्ठी, कपाटावर चिठ्ठी, चिठ्ठीवर चिठ्ठी. मी पयल्या दिवसापासून सगळं वाचता येतं असाच वागलो. बाटली हातात घ्यायची, डोळे बारीक करायचे, "हं" म्हनायचं आन् ठिवून द्यायची. एकदा असाच "हं" करून राहिलो व्हतो, तर एक पोरगी आली, माझ्या हातातली बाटली सरळ केली आन् परत माझ्या हातात दिली. मी चिठ्ठी उलटी धरून वाचत व्हतो.

ती पीएचडी करत व्हती. औशाची. बाप शाळेत मास्तर. मी तिला मॅडम म्हनायचो, ती मला काका. ती कोनाला काय बोलली न्हाई. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हनली, "काका, आपण एक नियम करू. बेसिनच्या ओट्यावर ठेवलेलं ते तुमचं, धुवायचं. टेबलावरचं ते आमचं, हात लावायचा न्हाई. मग वाचायची गरजच न्हाई."

चार वर्षं तो नियम चालला. चार वर्षांत एक चूक न्हाई. मी घरी बायकोला सांगायचो, शिकलेल्या मानसाकडून चूक व्हती, माझ्याकडून न्हाई व्हत.

एकदा मी विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढी वर्षं काय बनवून राहिल्यात?"

"दोरा."

"दोरा तर वजिराबादला दुकानात मिळतो."

"हा न्हाई मिळत." मग तिनं स्टूल ओढलं. "काका, तुमच्या गल्लीत घंटागाडी येते का?"

"येते की. कधी येते, कधी नुसतीच घंटी येते."

"तशीच अंगातल्या पेशीतबी एक घंटागाडी असते. खराब झालेलं प्रोटीन उचलून नेते आन् त्याचा चुरा करते. पण काही रोगांत एखादं प्रोटीन असं माजतं, आन् घंटागाडीला ते दिसतच न्हाई. नेहमीचं औषध त्याला कुलूप लावायला जातं, तर ह्याला कुलूप लावायला कडीच न्हाई. मग काय करायचं? एक दोरा घ्यायचा. एका टोकाला आकडा, तो त्या प्रोटीनला अडकतो. दुसऱ्या टोकाला दुसरा आकडा, तो घंटागाडीला. दोघं जवळ आले, की गाडीच त्याला उचलून नेते."

"आन् आकडे कोन बनवतं?"

"आकडे लोकांनी शोधलेत. माझं काम मधला दोरा. त्याला लिंकर म्हणतात. आखूड झाला तर दोघं एकमेकाला धडकतात, नीट बसत न्हाईत. लांब झाला तर नुसते लोंबकळत राहतात."

"मग नेमका किती पायजे?"

"तेच तर कोणाला म्हाईत न्हाई, काका. म्हणून दोन मण्यांचा, तीनचा, चारचा, पाचचा आन् सहाचा, असे पाच करायचे. एकेक मणी जोडत जायचं. वैताग हा, की दोऱ्याची दोन्ही टोकं सारखीच दिसतात. एका टोकाला टोपी घालायला जावं तर दुसरंबी घालून घेतं."

मी म्हनलं, "माझे दोन पोरं असेच व्हते. एकाला टोपी आनली की दुसरा रडायचा."

त्या सांजच्याला मी बायकोला लई रंगवून सांगितलं, की आमच्या लॅबमधी बिमारीला घंटागाडीत टाकून राहिलेत. ती कनिक मळत व्हती. म्हनली, "अजी, पहले अपने घर का कचरा तो डालो. तीन दिन से दरवाजे में पड्या है."

ह्या सगळ्यात पोरीची गोष्ट अशी व्हती. तिची फेलोशिप दिवाळीला संपत व्हती. वाढवून मिळनार, पण सरांनी कागदावर सही केली तर. आन् सर म्हनले व्हते, पाचही लांब्यांचा निकाल एका चित्रात दाखव, सही करतो. निकाल काढायला जिवंत पेशी पायजेत, त्या लातूरच्या एका कॉलेजात. तिथं तिला एकच पाळी मिळाली व्हती, दसऱ्यानंतरच्या सोमवारी. चार दोऱ्यांना आकडे लावून झाले व्हते. राहिला व्हता चार मण्यांचा, मधला. तो तीनदा बिघडला आन् चौथ्यांदा जमला. घरून बापाचा फोन यायचा तवा मी काचा पुसत असायचो, ऐकू यायचं. "चार वर्षं झाली, बाई. किती लांब दोरा वळणार हायस?" ती म्हनायची, "झालं, अप्पा. शेवटचा राहिलाय."

खंडेनवमीला आमच्या लॅबमधी पूजा असते. सरांची पद्धत. गॅरेजवाला पान्या-पकडीची पूजा करतो तशी आम्ही तराजूची, पंपाची, काचांची. मी मुसलमान मानूस, पण पूजेच्या आधीची सगळी धुलाई माझी, आन् नंतरचा नारळ फोडायचाबी मान माझा, कारन माझा नारळ एका दणक्यात फुटतो. एकदा न्हाई फुटला, टेबलाची काच फुटली.

त्या सकाळी सर आत येऊन म्हनले, "अकराला पूजा. तो टेबल मोकळा करा, वर फोटो आणि हार ठेवायचा आहे." पोरगी स्टोरमधी गेली व्हती, बारक्या बाटल्या आनायला. मी टेबलावरचं सगळं हळूहळू उचललं. मला ठाऊक व्हतं, टेबलावरचं त्यांचं. म्हून लई जपून, एकेक, दोन्ही हातांनी उचललं. आन् ठिवलं कुठं? दुसरी जागा न्हाई, म्हून बेसिनच्या ओट्यावर.

मग मी चहाला गेलो.

चहा पिऊन आलो आन् बघितलं, तर ओट्यावर भांडी. ओट्यावरचं ते माझं. मीच ठिवली व्हती हे डोक्यातून असं गेलं, जसं कोनी कल्हई खरवडून काढावी. त्यात एक गोल बुडाची काच व्हती, मुठीत मावंल एवढी. आत काय न्हाई असं वाटावं. उजेडात धरली तर आतून बुडाला पापुद्रा, तेलकट, तिळाच्या तेलावानी पन रंग न्हाई. मला राग आला. कल्हईवाल्याला भांड्यातला पापुद्रा बघवत न्हाई. आन् आज पूजा! म्हनलं, ह्या शिकलेल्या लोकांना उष्टं भांडं देवापुढं ठिवायची लाज न्हाई. गरम पानी सोडलं, ब्रश फिरवला, परत पानी, वरून साधं पानी, मग फडक्यानं बाहेरून चकाचक. तोंड दिसायला लागलं. माझं तोंड त्या दिवशी मला बरं दिसलं, हेबी आठवतंय.

ती आली. टेबलाकडं बघितलं, हार, फोटो. मग ओट्याकडं. मग तिनं ती गोल काच उचलली आन् खिडकीच्या उजेडात धरली. लई येळ धरली.

"काका, हा फ्लास्क टेबलावर व्हता."

"हाव, मीच हलवला ना. सरांनी टेबल मोकळा..."

"ह्याच्यात तेल व्हतं."

"व्हतं ना!" मी मोठ्या हुशारीनं म्हनलं. "चिकट तेल व्हतं बुडाला. मी म्हनलं निघतं का न्हाई, पन गरम पान्यानं एका दमात निघालं."

ती म्हनली, "निघणारच. ते पाण्यात लगेच विरघळतं, काका. त्यासाठीच तर ते घेतात."

तेवढंच. आवाज चढवला न्हाई. शिवी दिली असती तर मला कळलं असतं काय करायचं ते, मान खाली घालायची. ती नुसती स्टुलावर बसली, फ्लास्क मांडीत घेऊन. तवा मला कळलं की हाच तो चार मण्यांचा दोरा.

मी बेसिनखाली घुसलो. पान्याच्या पायपाला वाकडा भाग असतो, तिथं पानी साठून राहतं हे मला ठाऊक व्हतं. पाना-पकड आनून तो खोलला. अर्धी बादली काळं पानी निघालं, त्यात केस, रबराचा तुकडा, कोनाची तरी टिकली. ती बादली मी तिच्यापुढं ठिवली. "मॅडम, ह्याच्यातच हाय. थोडं तरी असंल. गाळून घ्या."

तिनं बादलीत बघितलं. तिला हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पानी यायला लागलं, आन् ते मग थांबेना.

"नवीन करता येईल ना, मॅडम?"

"सुरुवातीचा माल संपला. मागवला तर दोन महिन्यांनी येतो. मग तीन महिने करायला."

मी बोटं मोजली. दिवाळी एका बोटावर व्हती.

"मी सरांना सांगतो. माझी चूक हाय."

"तुम्ही काय सांगू नका. तुम्ही कंत्राटावर हायेत, उद्या काढतील. मी सांगते माझ्याकडून सांडलं. गप बसा, काका."

आन् मी गप बसलो. तेवढं मात्र मला लगेच जमलं.

अकराला पूजा झाली. सगळ्या काचांत पुढं तो गोल फ्लास्क ठिवला, कारन तोच सगळ्यात चमकत व्हता. सरांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आन् सगळ्यांपुढं म्हनले, "आज काच काय चमकतेय! याला म्हणतात काम." टाळ्या वाजल्या. ती पोरगीबी हात जोडून उभी व्हती. मी नारळ फोडला. एका दणक्यात फुटला.

सोमवारी लातूरला ती एकटीच निघाली व्हती, मी रजा टाकून संग गेलो. नांदेडच्या स्टँडवर म्हनली, "काका, तुम्ही कशाला?" मी म्हनलं, "डबा धरायला." थर्माकोलचा डबा, आत बर्फ, बर्फात चार बारक्या बाटल्या. लोहा, अहमदपूर, चाकूर गेलं, पन एस्टीत मी डबा मांडीवरून खाली ठिवला न्हाई. पाय बधिर झाले. उतरताना पडलो असतो, तर तिनं पयला डबा धरला आन् मग मला. बरोबर केलं तिनं.

पेशी सांभाळनारी लातूरची मॅडम तिच्याच वयाची व्हती, डोक्याला टोपी, हातात मोजे. तिनं डबा उघडला. "चारच? मधला?"

"सांडला," आपली पोरगी म्हनली.

मला राहावलं न्हाई. मी म्हनलं, "मॅडम, मधली जागा राखून ठिवा. आम्ही आनतो. दोन-चार महिने. तुमच्या पेशी जरा थांबवा."

ती माझ्याकडं बघून म्हनली, "काका, पेशी म्हणजे हॉटेलातलं टेबल न्हाई, रुमाल टाकून धरायला. आज तयार हायेत, आजच वापरायच्या. उद्या मरतात. पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्यांचा नंबर लागलाय, तो उन्हाळ्यापर्यंत."

मी बाहेर बाकावर बसलो. आत त्या दोघी काचेमागं काम करून राहिल्या व्हत्या. मला तिथं करायला काय नव्हतं. भांडी दिसली व्हती, पन मी हात लावला न्हाई. आता मी कुठल्याच भांड्याला हात लावायला घाबरत व्हतो. सात पिढ्यांत हे पयल्यांदा झालं असंल.

आठ-दहा दिवसांनी निकाल आला. तिनं मला मोबाईलवर दाखवला. मी म्हनलं, मला काय कळतंय. ती म्हनली, "ह्याला अक्षर लागत न्हाई, काका. ही काळी पट्टी दिसली का? जितकी काळी, तितकं ते प्रोटीन अजून शाबूत. पुसट झाली म्हणजे घंटागाडीनं उचललं."

मी बघितलं. दोन मण्यांची काळी. तीनची काळीच, पन जराशी मऊ. मग मोकळी जागा. मग पाचची, ती चांगली पुसट. सहाची पुन्हा काळी.

जल्मात पयल्यांदा मी काहीतरी वाचलं, आन् ते हे व्हतं. कोनी सांगायला नको. सगळ्यात जास्त पुसट पट्टी कदाचित त्या मोकळ्या जागेत व्हती, आन् ती गटारातून गोदावरीला गेली.

"चारचा चालला असता का, मॅडम?"

"असता किंवा नसता. ते आता कोणालाच कळणार न्हाई."

सरांनी ते चित्र बघितलं तवा मी मुद्दाम तिथंच फरशी पुसून राहिलो व्हतो. सर म्हनले, "मधला कुठंय? मधल्याशिवाय ह्यातून काय सिद्ध होतं? मी कशाच्या जोरावर सही करू?" सर वाईट मानूस न्हाई. त्येंनाबी वर कोनाला तरी उत्तर द्यायचं असनार. ती "हो सर" म्हनली. मी फडकं पिळत बसलो. तोंड उघडायची तीच येळ व्हती. मी तीच फरशी तीनदा पुसली.

दिवाळीनंतर ती आलीच न्हाई. तिच्या टेबलावर दुसरी पोरगी बसली. आकड्यांची उरलेली बाटली फ्रिजात एका कोपऱ्यात व्हती, तीबी पुढं कोनीतरी काढून टाकली. मी न्हाई, अल्लाची शपथ.

मग कानावर आलं, ती लातूरला एका क्लासमधी केमिस्ट्री शिकवते, डॉक्टरकीच्या परीक्षेला बसनाऱ्या पोरापोरींना. थीसिस तशीच पडून हाय.

मला जेवन जाईना. बायको म्हनली, "तुमने गलती करी तो जाके बोलो ना सर को. मेरे सामने क्यों मुँह लटकाते?" म्हून एक दिवस मी सरांच्या खोलीत गेलो आन् सगळं सांगितलं. टेबल, ओटा, चहा, गरम पानी, सगळं. मला वाटलं काढून टाकतील. मला वाटत व्हतं काढून टाकावं. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले आन् म्हनले, "आता सांगून काय उपयोग? जा, त्या बाटल्या धुवायच्यात." मला काढलंबी न्हाई. मी जाऊन बाटल्या धुतल्या.

तरी मी लातूरला गेलो. तिला सांगावं, की मी सरांना खरं काय ते सांगितलं. क्लास तिसऱ्या मजल्यावर. दोन तासांच्या मधली सुट्टी व्हती, वर्ग रिकामा, ती फळा पुसून राहिली व्हती. मला बघून म्हनली, "काका? कसे काय?" मी पयल्या बाकावर बसलो. बाक बारीक, पोट टेकत व्हतं.

"मॅडम, मी सरांना सगळं सांगितलं."

"बरं. मग?"

"मग काय न्हाई."

ती फळा पुसत राहिली.

मी म्हनलं, "मॅडम, मला झोप लागत न्हाई. तुमचं सगळं माझ्यामुळं गेलं. चार वर्षं माझ्यामुळं पान्यात गेली. मी नसतो तर आज तुम्ही डॉक्टर असता. तुमच्या अप्पांच्या पाया पड म्हनलात तर औशाला जातो, आत्ता जातो. मी मेलो असतो तर बरं झालं असतं, खरंच. मला एकदा माफ केलं म्हना, मी..."

खाली जिन्यात पोरींचा गलका सुरू झाला. पुढची बॅच येऊन राहिली व्हती. तिनं डस्टर टेबलावर ठिवलं, हाताची पांढरी धूळ झटकली आन् माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. थकून.

"काका, माझं गेलं ते मी बघून घेईन. तुम्ही मघापासून फकस्त तुमचंच रडून राहिलेत. उठा आता, ती पोरींची जागा हाय."